विश्लेषण : पहिली ग्रां प्री इंजिनाने जिंकली की टायरने?

फॉर्म्युला वनमध्ये आज चार चाके दोन-अडीच सेकंदांत बदलली जातात. १९०६ मध्ये एक टायर बदलायला पंधरा मिनिटे लागत. हे अंतर कमी करण्याची सुरुवात एका टायर कंपनीने केली आणि त्याचा फायदा थळ-अलिबागच्या रस्त्यावर फिरणाऱ्या प्रत्येक गाडीला आजही मिळतो आहे. तो कसा?

अलिबागहून थळकडे जाताना गाडीचे चाक बसले, तर चालक फार घाबरत नाही. डिकीतून स्टेपनी काढायची, जॅक लावायचा, चार-पाच नट सोडवायचे, चाक बदलायचे आणि पुढे निघायचे. पंक्चर काढण्याचे काम नंतर गॅरेजमध्ये सावकाश होते. मांडव्याला रो-रोतून उतरून किहीम-थळकडे येणारा पर्यटक असो, की मासळी घेऊन निघालेला टेम्पोवाला, ही सोय दोघांनीही गृहीत धरलेली असते.

हवा भरलेले तयार चाक सोबत ठेवायचे आणि रस्त्यात फक्त चाकाची अदलाबदल करायची, ही कल्पना मोटारीच्या जन्मासोबत आलेली नाही. ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुढे आली. तिचा सर्वांत मोठा जाहीर प्रयोग झाला तो २६ आणि २७ जून १९०६ रोजी, फ्रान्समधील ले मान्स येथे भरलेल्या पहिल्या ग्रां प्रीत. प्रयोग करणारी कंपनी होती मिशेलिन.

त्या काळी टायर बदलणे एवढे अवघड का होते?

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवलेली असते. ती पंक्चर होत नाही, पण रस्त्याचा प्रत्येक दणका गाडीपर्यंत पोहोचवते. सुरुवातीच्या मोटारींची स्थितीही फार वेगळी नव्हती. लोखंडी धाव किंवा भरीव रबर यांवर त्या धावत. बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि सायकलींचे रूप बदलले. मोटारीचे वजन आणि वेग पेलणे मात्र या टायरला जड गेले.

१९०० च्या आसपासच्या मोटारीचे चाक लाकडी आऱ्यांचे असे. त्याची रिम चाकाला कायमची जोडलेली. टायर पंक्चर झाला की चाक जागेवरच राही आणि टायर उतरवावा लागे. शर्यतीत तर चालक आणि मेकॅनिक चक्क चाकूने जुना टायर कापून काढत. मग नवी ट्यूब घालायची, कडक नवा टायर लोखंडी पट्ट्यांनी रिमच्या कडेत बसवायचा आणि हवा भरायची. सराईत जोडीलाही या कामाला साधारण पंधरा मिनिटे लागत. घोड्यांच्या नालांचे खिळे आणि खडी यांनी भरलेल्या रस्त्यांवर हे काम एकाच दिवसात अनेकदा करावे लागे.

टायरचे रबरही आजच्याइतके टिकाऊ नव्हते. टायर काळा दिसतो तो काजळीच्या पुडीमुळे, म्हणजे कार्बन ब्लॅकमुळे. त्याने रबराची झीज कमी होते. टायरमध्ये त्याचा सर्रास वापर १९१० नंतर सुरू झाला. त्याआधीचे टायर पांढरट रंगाचे असत. मिशेलिनचा टायरांच्या थराथरांचा बाहुला, बिबेंडम, आजही पांढरा आहे त्याचे कारण हेच. तो १८९८ मध्ये जाहिरातीत आला, तेव्हा टायर तसेच होते.

टायर कंपनी शर्यतीत का उतरली?

आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या भावांनी १८८९ मध्ये फ्रान्सच्या क्लेरमाँ-फेराँ शहरात कंपनी सुरू केली. तेव्हाचे सायकलचे टायर रिमला चिकटवलेले असत आणि पंक्चर काढायला तासन् तास जात. मिशेलिनने काढता-घालता येणारा टायर तयार केला. १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सुमारे १,२०० किलोमीटरच्या सायकल शर्यतीत शार्ल तेराँ हा स्वार तोच टायर वापरून इतरांच्या कित्येक तास आधी पोहोचला. ग्राहकाला पटवण्यासाठी शर्यतीसारखी दुसरी जाहिरात नाही, हा धडा कंपनीला तिथे मिळाला.

मोटारींच्या बाबतीत सुरुवात कठीण झाली. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरवर गाडी चालवायला कोणी उत्सुक नव्हते. अखेर मिशेलिन बंधू ‘एक्लेर’ ही गाडी घेऊन स्वतःच उतरले. वाटेत पुन्हा पुन्हा पंक्चर झाले आणि त्यांना जिंकता आले नाही. पण हवेच्या टायरवर मोटार एवढे अंतर तोडू शकते, हे लोकांनी पाहिले. पुढच्या दहा वर्षांत वेगवान मोटारींनी भरीव टायर सोडून दिले.

कंपनीचे गणित साधे होते. लोक जितका प्रवास करतील तितके टायर झिजतील आणि तितके विकले जातील. १९०० मध्ये मिशेलिनने वाहनचालकांसाठी फुकट वाटलेली मार्गदर्शिका हा त्याच गणिताचा भाग. आज हॉटेलांना तारे देणारी प्रसिद्ध ‘मिशेलिन गाइड’ ती हीच.

ग्रां प्री सुरू का झाली?

सुरुवातीच्या शर्यती एका शहरातून दुसऱ्या शहरात होत. १९०३ ची पॅरिस-माद्रिद शर्यत अपघात आणि मृत्यूंमुळे बोर्दोलाच थांबवावी लागली. त्यानंतर खुल्या रस्त्यांऐवजी बंद केलेल्या मार्गावर फेऱ्या मारण्याची पद्धत वाढली.

त्या काळातली सर्वांत मानाची स्पर्धा होती गॉर्डन बेनेट चषक. तिच्यात प्रत्येक देशाला जास्तीत जास्त तीन गाड्या उतरवता येत. फ्रान्समध्ये मोटार बनवणाऱ्या कंपन्या डझनावारी होत्या, त्यामुळे ही मर्यादा त्यांना जाचत होती. १९०५ ची स्पर्धा मिशेलिनच्या गावाजवळ, क्लेरमाँ-फेराँच्या डोंगराळ भागात झाली. त्यानंतर फ्रान्सच्या ऑटोमोबाइल क्लबने देशांवर मर्यादा नसलेली, कंपन्यांमधली स्वतंत्र शर्यत जाहीर केली. तीच ग्रां प्री.

नियम कडक होते. गाडीचे वजन १,००० किलोच्या आत हवे. मॅग्नेटो किंवा डायनमो असेल तर सात किलोंची सवलत. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे शर्यत सुरू असताना गाडीला हात लावायचा तो फक्त चालक आणि त्याच्याशेजारी बसलेला मेकॅनिक यांनी. टायर बदलायलाही तिसरा माणूस नाही. या एका नियमामुळे टायर बदलण्याचा वेळ निर्णायक ठरणार, हे उघड होते.

मिशेलिनने काय नवे आणले?

कंपनीने सुटी होणारी रिम आणली. लाकडी चाक गाडीला तसेच राही. त्यावर बसणारी बाहेरची रिम मात्र वेगळी होती आणि तिच्यावर टायर आधीच चढवून, हवा भरून तयार ठेवलेला असे. पंक्चर झाले की आठ नट सोडवायचे, टायरसकट जुनी रिम ओढून काढायची, तयार रिम सरकवायची आणि नट आवळायचे. चाकू नको, लोखंडी पट्ट्या नकोत, हवा भरणे नको. पंधरा मिनिटांचे काम चार मिनिटांच्या आत आले.

खरे तर मिशेलिनने टायर फुटणे थांबवले नव्हते. टायर फुटणारच हे धरून त्याची किंमत कमी केली होती. सगळी मेहनत शर्यतीच्या आदल्या दिवशी, सावलीत, निवांतपणे उरकायची आणि रस्त्यावर फक्त अदलाबदल करायची, असा हा विचार होता.

मग सर्वांनीच त्या रिम का वापरल्या नाहीत?

वजनामुळे. सुट्या रिममुळे प्रत्येक चाकाचे वजन सुमारे नऊ किलोंनी वाढत होते. चार चाकांचे झाले ३६ किलो. रायगडच्या किनाऱ्यावर बैलगाडी शर्यत पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. शर्यतीची गाडी मालवाहू गाडीपेक्षा कितीतरी हलकी बांधतात, कारण तिथे किलो-किलोचा हिशेब असतो. ग्रां प्रीतही १,००० किलोंच्या मर्यादेला टेकलेल्या गाड्यांना ३६ किलो जास्त घेणे शक्य नव्हते. पानार आणि इटाला या संघांना त्यामुळे जुन्या पद्धतीवरच राहावे लागले. रेनो आणि फियाट यांनी मात्र नव्या रिम घेतल्या.

त्या दोन दिवसांत काय घडले?

मार्ग त्रिकोणी होता आणि एक फेरी तब्बल १०३ किलोमीटरची. एका दिवशी सहा, अशा दोन दिवसांत बारा फेऱ्या. एकूण अंतर सुमारे १,२३८ किलोमीटर. ३२ गाड्या सुटल्या. धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर डांबर टाकले होते. जूनच्या उन्हात ते वितळले. चाकांनी उडवलेले डांबर आणि खडी चालकांच्या तोंडावर आणि डोळ्यांत गेली. टायरांची तर दैना झाली.

पहिल्या दिवसाअखेर गाड्या पहाऱ्यात बंद करून ठेवण्यात आल्या. रात्री दुरुस्तीला परवानगी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ सुरू झाल्यावरच टायर बदलायचे आणि इंधन भरायचे, म्हणजे तो वेळही शर्यतीच्या हिशेबात धरला जाणार होता.

रेनोची सुमारे १३ लिटर इंजिनाची गाडी चालवणारा हंगेरियन फेरेन्क सिस १२ तास १४ मिनिटांत पहिला आला. सरासरी वेग ताशी १०१ किलोमीटर. फियाटचा फेलिचे नाझारो ३२ मिनिटांनी मागे राहून दुसरा आला. क्लेमाँ-बायार गाडीचा आल्बेर क्लेमाँ तिसरा. सुटलेल्या ३२ पैकी जेमतेम एकतृतीयांश गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्या.

श्रेय नेमके कोणाचे?

गणित करून पाहू. सुट्या रिममुळे एका वेळी साधारण ११ मिनिटे वाचत. म्हणजे तीन वेळा टायर बदलले की ३३ मिनिटे. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातील अंतर होते ३२ मिनिटे. वरवर पाहता उत्तर मिळाले असे वाटते. पण नाझारोकडेही त्याच रिम होत्या. त्यामुळे सिसने नाझारोला हरवले ते केवळ टायरमुळे, असे म्हणता येत नाही. रेनोची गाडी वेगवान होती आणि चालक-मेकॅनिक जोडी सराईत होती.

दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात मात्र जेमतेम साडेतीन मिनिटांचे अंतर होते. नाझारोला एकच टायर जुन्या पद्धतीने बदलावा लागला असता, तरी दुसरा क्रमांक हातचा गेला असता. म्हणजे रिमने विजेता एकहाती ठरवला नाही, पण पुढे कोण राहू शकते आणि कोण नाही, याची रेघ तिने आखली. आणि पहिले दोन्ही क्रमांक तिच्यावर धावलेल्या गाड्यांचे असल्याने मिशेलिन कोणत्याही निकालात जिंकणारच होती. फ्रान्सची गाडी पुढे आली काय किंवा इटलीची, जाहिरात टायरचीच.

पुढे काय झाले?

१९०७ ची ग्रां प्री डिएप येथे झाली. या वेळी नाझारो पहिला आणि सिस दुसरा. १९०८ मध्ये डिएपलाच मर्सिडीजचा क्रिस्तियान लाउटेनश्लागर जिंकला. त्या वर्षी संघांना टायर आणि इंधन ठेवण्यासाठी रस्त्याच्या कडेला खंदकासारखी जागा करून दिली होती. शर्यतीतील ‘पिट’ हा शब्द याच खड्ड्याची आठवण आहे.

त्याच वर्षी आणखी एक वाद झाला. मिशेलिनच्या पद्धतीत फक्त रिम सुटी होत असे. ब्रिटनमधील रज-व्हिटवर्थ कंपनीने अख्खे चाकच सुटे केले होते. आयोजकांनी सुट्या रिमला परवानगी दिली, पण सुट्या चाकाला नाकारली. अशी चाके लावलेल्या ब्रिटनच्या नेपिअर गाड्या शर्यतीत उतरू शकल्या नाहीत. काळाने मात्र निकाल उलटा दिला. आज तुमच्या-आमच्या गाडीचे संपूर्ण चाकच निघते.

टायरच्या बिघाडाची किंमत फक्त मिनिटांत मोजली जात नव्हती. १९०८ च्या शर्यतीत टायर निकामी होऊन पानार गाडी उलटली आणि चालक सिसाक व त्याचा मेकॅनिक या दोघांचा मृत्यू झाला.

१९१४ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ल्योंची ग्रां प्री झाली. प्यूजोच्या गाड्या डनलॉपच्या टायरवर, मर्सिडीजच्या काँटिनेंटलवर. फ्रान्सचा लाडका जॉर्ज ब्वालो टायर बदलण्यासाठी पुन्हा पुन्हा थांबत राहिला आणि अखेर गाडीनेच दम सोडला. मर्सिडीजने पहिले तिन्ही क्रमांक घेतले. टायर कंपन्यांची आपापसातली लढाई ही शर्यतीतली दुसरी शर्यत झाली होती.

‘स्टेपनी’ हा शब्द आला कुठून?

आपल्याकडे जादा चाकाला स्पेअर व्हील क्वचितच म्हणतात. शब्द एकच, स्टेपनी. तो वेल्समधील लानेल्ली गावातल्या एका रस्त्याचे नाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर दुकान असलेल्या टॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ मध्ये जादा चाक बाजारात आणले. त्याला आरे नव्हते. हवा भरलेला टायर चढवलेली ती नुसती रिम होती. पंक्चर झालेले चाक न काढता ही रिम त्याच्या बाजूला पकडींनी आवळायची आणि गाडी पुढे न्यायची.

मिशेलिनची रिम आणि डेव्हिस बंधूंचे चाक, दोन्हींच्या मुळाशी विचार एकच होता. हवा भरलेला तयार टायर सोबत ठेवा. पुढे ही दोन्ही साधने मागे पडली आणि संपूर्ण सुटे चाक रूढ झाले. ब्रिटनमध्ये स्टेपनी हा शब्द विसरला गेला. भारतात, माल्टात आणि ब्राझीलमध्ये तो टिकला. ब्राझीलमध्ये जादा चाकाला ‘एस्तेपे’ म्हणतात.

भारताशी या शर्यतींचा संबंध काय?

शर्यतीत तावून निघालेल्या कंपन्याच पुढे आपल्या रस्त्यांवर आल्या. डनलॉपने १९३६ मध्ये बंगालमधील सहागंज येथे कारखाना काढला. कंपनीने भारतात बैलगाडीसाठीही हवेचे टायर बनवले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांवर उसाची टायर बैलगाडी रुळली ती अशा टायरांमुळे. सिएटचे मूळही इटलीतील तुरिनचे. तिथे १९२४ मध्ये सुरू झालेली ही कंपनी १९५८ मध्ये मुंबईत आली.

थेट शर्यतीच्या मैदानावरचा संबंध २००५ चा आहे. १९ जून रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे फॉर्म्युला वन शर्यत होती. सरावात राल्फ शूमाकरची गाडी टायर निकामी होऊन धडकली. उतार दिलेल्या वेगवान वळणावर आपले टायर सुरक्षित राहतील, याची हमी मिशेलिनला देता आली नाही. मिशेलिनवर धावणाऱ्या १४ गाड्या पहिल्या फेरीआधीच माघारी फिरल्या आणि ब्रिजस्टोनच्या टायरवरच्या फक्त सहा गाड्या शर्यतीत उरल्या. त्यांत जॉर्डन संघाचा नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. १९०६ मध्ये शर्यत घडवणाऱ्या कंपनीने ९९ वर्षांनी एक शर्यत जवळजवळ रद्दच करायला लावली.

आता फॉर्म्युला वनमध्ये टायर युद्ध नाही. २०११ पासून सर्व संघांना टायर पिरेली पुरवते. स्पर्धा उरली आहे ती चाक बदलण्याच्या वेगाची. मॅकलारेनने २०२३ मध्ये कतार येथे चारही चाके १.८ सेकंदांत बदलली. प्रत्येक चाकाला एकच नट आणि हाताशी वीसेक माणसे, हे त्याचे रहस्य.

स्टेपनी आता जाणार का?

काही नव्या गाड्यांतून ती गेलीच आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये नियम बदलले. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर जादा चाक देण्याची सक्ती त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून राहिली नाही. डिकीत जागा होते, वजन घटते. म्हणजे १९०६ मध्ये पानार आणि इटाला यांच्यासमोर असलेला प्रश्न पुन्हा आला आहे, वजन वाचवायचे की वेळ?

टायरमध्ये खिळा घुसला तर दुरुस्तीचा संच पुरतो. खड्ड्यात आपटून टायरची बाजू फाटली, तर तो उपयोगाचा नाही. पावसाळ्यात खड्ड्यांतून वाट काढणाऱ्या कोकणातील चालकांनी गाडी घेताना हा फरक विचारात घ्यावा. काही गाड्यांत मूळ चाकापेक्षा बारीक स्टेपनी मिळते. ती साधारणतः ताशी ८० किलोमीटरपर्यंतच चालवायची असते आणि फक्त गॅरेजपर्यंत पोहोचण्यासाठी असते.

वाहनचालकांनी काय पाहावे?

* स्टेपनीतील हवा महिन्यातून एकदा तपासा. डिकीत पडून राहिलेल्या टायरचीही हवा हळूहळू कमी होते.
* टायरच्या बाजूवर चार आकड्यांची तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. न वापरलेले रबरही वयाने कडक होते.
* मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो टायर नियमाने बाद.
* नट आधी थोडे सैल करा, मग गाडी जॅकवर उचला. आवळताना समोरासमोरचे नट घ्या, ओळीने नको.
* थळ, किहीम किंवा वरसोलीच्या वाळूत जॅक खाली रुततो. त्याखाली जाड फळी ठेवा. भरती येत असेल तर चाक बदलत बसण्यापेक्षा गाडी आधी कडक जमिनीवर ओढून घ्या.